सोमवारची टेप

आधीच कबूल करतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या फोरमवर मी बरीच वर्षं आहे, पण ते निव्वळ करमणुकीसाठी. लोकांच्या अनुभवांखाली "त्या दिवशी नीट जेवला होतात का?" असं खवचटपणे विचारणारा तो मीच. माझी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली. टेबलात नोंद असेल तर गोष्ट आहे, नसेल तर नाही... इतकं सरळ माझं डोकं चालतं. हे आजवर लिहिलं नाही, कारण माझ्यासारखाच कुणीतरी खाली येऊन तोच प्रश्न विचारणार याची खात्री होती. विचारा. जेवलो नव्हतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गोष्ट २००३ च्या आसपासची. गाव कोल्हापूर, मंगळवार पेठ. तिथं एका ट्रस्टची रक्तपेढी होती, नाव सांगत नाही. तळमजल्यावर काउंटर आणि रक्ताचे फ्रीज, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या अगदी टोकाला, जिथं पूर्वी स्टेशनरी ठेवत तिथं, माझी सर्व्हर रूम. आठ बाय दहाची खोली. एसीसाठी खिडकी विटा रचून बंद केलेली. आत एक सर्व्हर, एक जुनं मशीन, एक टेबल, एक फोन आणि मी.

या कामात असलेल्यांना माहीत असेल, सगळं सुरळीत चालू असलं की आपण तिथं आहोत हे कुणाच्या लक्षातही नसतं. काही बंद पडलं की मग सगळं गाव दारात. ऑफिसात मला नावसुद्धा नव्हतं. "ओ सिस्टीम, प्रिंटर अडकलाय बघा!" असं ओरडायचे. पगारपत्रकावर नाव होतं तेवढंच. आई जाऊन दोन वर्षं झालेली, लग्न काही जमत नव्हतं, राजारामपुरीत एक खोली घेऊन राहत होतो. दिवसभरात तोंडातून "बघतो" एवढा एकच शब्द निघाला, असे कितीतरी दिवस गेले. मला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही... सवय झाली होती.

हे काम मला शिकवलं मगदूम अण्णांनी. संकेश्वरकडचे लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर रांगडी मराठी. कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला 'तम्मा' म्हणायचे, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. गावात एका भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. रक्तपेढीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लांबून बघत उभे राहिले आणि हा पन्नाशीचा क्लार्क पुस्तक घेऊन बसला. रक्तदात्यांची सगळी रजिस्टरं त्यांनी एकट्यानं आत घातली.

त्यांचे नियम ठरलेले होते. आज कुणी नवीन ॲडमिनिस्ट्रेटर हे वाचत असेल तर भुताखेताचं सोडा, एवढं तरी घ्या. पहिला – "बॅकअप घेतला म्हंजे झालं न्हवं तम्मा. टेपवरनं परत आणून बघितलास तर त्यो बॅकअप. न्हाईतर नुसती फीत हाय ती." कोपऱ्यातलं जुनं मशीन त्यासाठीच होतं. रोज सकाळी अकरा वाजता अण्णा आदल्या संध्याकाळची टेप त्या मशीनवर उतरवायचे, दोन-चार नोंदी उघडून ताडून बघायचे आणि वहीत तारीख टाकून लिहायचे, 'परत आली.' दुसरा – एक टेप कायम इमारतीच्या बाहेर पाहिजे. आग लागली तर सर्व्हर आणि टेप एकदमच जाणार. ती बाहेरची टेप अण्णा आपल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यातून घरी न्यायचे. तिसरा – डिस्कवरचा पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी बोंब मारायची. दोन डिस्क एकमेकीची नक्कल ठेवतात, एक गेली तरी काम चालू राहतं, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो.

टेपा सहा होत्या. काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या, छोट्या कॅसेटसारख्या. मंगळवार ते रविवार, वाराचं लेबल लावलेल्या. सोमवारची टेप नव्हती. सोमवारी कोल्हापूरचा बाजार बंद, आमचं ऑफिस बंद, आणि लाईटही बहुतेक सोमवारी दुरुस्तीसाठी जायची. खालचं काउंटर तेवढं जनरेटरवर चालू असे.

अण्णा रिटायर झाले तेव्हा सहाही टेपा माझ्याकडून मोजून घेतल्याची सही करवून गेले. दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

"तम्मा, आली का परत?"

मला हसू आलं. म्हटलं, "आली अण्णा." मग ते रोजचंच झालं. ठीक अकराला फोन, तोच प्रश्न, दोन मिनिटं इकडचं तिकडचं, की बंद. सुरुवातीला बरं वाटायचं. खरं म्हणजे त्या दिवसात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारा तो एकच आवाज होता. पण माणूस विचित्र असतो... चार-पाच महिन्यांत मला त्या फोनचा कंटाळा आला. हे अजून माझ्यावर पहारा ठेवतात असं वाटायला लागलं. त्यात तासभर घालवून टेप उतरवायचाही कंटाळा. जुन्या मशीनवर मी प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि रोज फोनवर न बघताच सांगू लागलो, "आली अण्णा, आली." टेप घरी न्यायचंही बंद केलं. शेवटी शेवटी तर टेलिफोन ऑपरेटरला सांगून ठेवलं, अण्णांचा फोन आला तर साहेब कामात आहेत म्हणा.

एक दिवस ऑपरेटर म्हणाली, आज अण्णांचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी ऑफिसात कुणीतरी सांगितलं की अण्णा गेले. झोपेतच गेले. संकेश्वरच्या पुतण्यानं नेऊन माती दिली होती, सगळं आटोपलंही होतं. मी सर्व्हर रूममध्ये जाऊन दार लावून बसलो. पण जुन्या मशीनवरचं कव्हर त्यानंतरही काढलं नाही, हेही खरं.

आता तो सोमवार. अण्णांना जाऊन आठ महिने झाले होते.

चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी गुरुवार ते रविवार रजेवर होतो. रविवारी संध्याकाळी परत आलो. सोमवारी सुट्टी, पण खोलीवर बसून करायचं काय? सकाळी नऊलाच रक्तपेढीत गेलो. लाईट नव्हती. जनरेटर धडधडत होता. त्यावर खालचं काउंटर, फ्रीज आणि वरचा सर्व्हर एवढंच चालायचं. जिन्यातच जाधव मॅडम भेटल्या. काउंटरवरच्या टेक्निशियन, आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या.

"बरं झालं आलात! ती सिस्टीम उघडंना बघा. आणि तिकडं बाई मरायला टेकलीया."

आजऱ्याची बाई होती. पहिलं बाळंतपण, रक्त जात होतं, शहरातल्या हॉस्पिटलात आणलेली. गट निघाला बॉम्बे ब्लड ग्रुप. हा गट दहा हजारांत एखाद्याचा. दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ओ सुद्धा नाही. तिचा नवरा काउंटरसमोर बाकावर बसला होता, पंचविशीचा, दोन्ही हातात चपला धरून. चपला हातात का होत्या कोण जाणे. त्यानं मला विचारलं, "घावल न्हवं साहेब?" मी म्हटलं, "बघतो."

वर गेलो तर सर्व्हर मेलेला. एका डिस्कवरचा पिवळा दिवा महिन्यापासून लागलेला होता. मी नवीन डिस्क मागवायचा कागद वर पाठवला आणि विसरून गेलो होतो. सकाळी लाईट दोनदा येऊन गेली म्हणे, त्यात दुसरी डिस्क गेली. आता टेप. कपाट उघडलं... टेपांचा खोका नाही. ड्राइव्हच्या तोंडात असायची ती टेपसुद्धा नाही.

मॅडमच्या काउंटरवर डायरेक्ट लाईनचा फोन होता. तिथून ऑफिस सुपरिटेंडंट शिंदे भाऊसाहेबांना घरी लावला.

"कॅसेटी व्हय?" भाऊसाहेब एकदम खुशीत. "शुक्रवारी सगळं ऑफिस साफ केलं की! कवाधरनं पडल्यात बघा कपाटात. दिल्या वाटून. मंगळवारची मंगळवारात दिली, शुक्रवारची शुक्रवारात, शनवारची शनवारात. उरलेल्या फोटोग्राफरकडं. आभाराचं पत्र बी जोडलंय!"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या जुन्या गावात पेठांना वारांची नावं आहेत. रक्तदानाची शिबिरं व्हायची पेठांतल्या तालमींत, आणि त्यांचं शूटिंग अशाच छोट्या कॅसेटवर असायचं. भाऊसाहेबांनी लेबलं वाचली – मंगळवार, शुक्रवार, शनिवार – आणि त्या त्या पेठेतल्या तालमीला 'तुमच्या शिबिराची आठवण' म्हणून आमचा बॅकअप देऊन टाकला. त्यांना शिव्या देणार होतो, पण मधेच आठवलं. अण्णांच्या लेबलांवर 'मंगळवार – डेटा' असं असायचं. नवी लेबलं लिहिताना 'डेटा' हा शब्द कंटाळा करून मीच गाळला होता.

"शिबिराचे फॉर्म?" मी मॅडमना विचारलं. "काल संध्याकाळीच बायंडिंगला गेल्यात. आज सोमवार, बायंडर दुकान बंद करून कुठं गावाला गेलाय. माणूस धाडून बघितला." मग त्या डोकं धरून म्हणाल्या, "अवो, गेल्या आठवड्यात मुरगूडच्या शिबिरात एक ह्याच गटाचा घावलाय, रक्त न्हाई दिलेलं, नुसता तपासायला नमुना घेतलेला. तपासणी पक्की झाल्यावर काल मीच एंट्री टाकली की. पाटील नाव हाय त्येचं... पुढं काय आठवंना."

मुरगुडात पाटील शोधायचा! निम्मं गाव उठून उभं राहिलं असतं.

जवळची तालीम मंगळवार पेठेतलीच, धावत गेलो. वस्ताद मातीत पाणी मारत होते. मी धापा टाकत कॅसेट मागितली तर ट्रॉफ्यांच्या कपाटातून काढून हातावर ठेवली.

"पावणं, ह्यात कायच दिसंना की हो! कुठल्या मशीनला बसंना पण. शेवटी उघडून बघितली आमी, तर आत नुसती फीत."

फीत बाहेर लोंबत होती, मधे चुरगळलेली. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला, "काय चुकलं काय आमचं?" मी मान हलवली आणि परत फिरलो. शुक्रवारातली आणि शनिवारातली, दोन्ही तालमी कुलूपबंद. फोटोग्राफर घरी नाही. परत रक्तपेढीत आलो, तो नवरा तसाच बसलेला. त्याच्याकडं न बघता जिना चढलो आणि माझ्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलो. त्या टेपा मिळाल्या असत्या तरी उपयोग काय होता? मी रजेवर, खोका शुक्रवारीच गेलेला. मुरगूडच्या पाटलाची नोंद रविवारची. रविवारचा बॅकअप घेतलाच गेला नव्हता. ती नोंद जगात एकाच ठिकाणी होती, समोरच्या मेलेल्या डिस्कवर.

आणि तेव्हा फोन वाजला.

तुम्ही म्हणाल त्यात काय. तर ऐका. माझा फोन होता एक्स्टेंशन. बाहेरचा फोन आधी ऑपरेटरकडं यायचा, ती तो ईपीएबीएक्समधून, म्हणजे ऑफिसच्या छोट्या एक्स्चेंजमधून, मला जोडायची. सोमवारी ऑपरेटर सुट्टीवर. ईपीएबीएक्स लाईटवर चालायचा, जनरेटरवर नव्हता, आणि त्याची बॅटरी पावसाळ्यापासून मेलेली. म्हणजे लाईट नसताना तो फोन वाजणं शक्य नव्हतं. मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही. रिसीव्हर उचलला.

नुसती खरखर. मग –

"तम्मा. आली का परत?"

माझे हात गार पडले वगैरे काही झालं नाही. खरं सांगतो, भीती वाटलीच नाही. एकदम रडू आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"न्हाई आली अण्णा. मी बघितलीच न्हाई कधी. तुमाला रोज खोटं सांगत हुतो."

पलीकडं श्वास ऐकू येत होता. मग ते बोलले, रागानं नाही, कामाचं सांगावं तसं साधं –

"सोमवारची घे की."

आणि आवाज गेला. रिसीव्हरमध्ये टोन नाही, काही नाही. दारात जाधव मॅडम उभ्या होत्या. "कुणाचा फोन? ह्यो बंद असतोय न्हवं आज?" त्यांनीही रिंग ऐकली होती. खालून ऐकून त्या वर आल्या होत्या.

सोमवारची टेप कधी नव्हतीच. आणि मग मला भाऊसाहेब आठवले. मंगळवारची मंगळवारात, शुक्रवारची शुक्रवारात... अण्णांची खोली सोमवार पेठेत होती.

मॅडमची लुना घेऊन गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, मात्र रिटायरमेंटनंतर मी तिथं एकदाही गेलो नव्हतो. मालकीण पार्वतीअक्का, सत्तरीच्या, अण्णांच्याच गावाकडच्या. मी रक्तपेढीतला म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, कनवटीची किल्ली काढली.

"पुतन्या येतो म्हनून सांगून गेला, त्येला आठ म्हयनं झालं. मी बी काय हलवलं न्हाय."

खोलीत धूळ होती. खाटेवर, खुर्चीवर, देवाच्या फोटोवर. फळीवर तो स्टीलचा डबा होता. उघडला. आत रुमालाची घडी आणि तिच्यात टेप. लेबलावर अण्णांचं अक्षर, शेपूट काढलेला 'स' – 'सोमवार – डेटा'.

परत आलो. कोपऱ्यातल्या मशीनवरचं कव्हर ओढून काढलं, जनरेटरची वायर त्याला दिली, ड्राइव्ह जोडला. सुरू होईल की नाही तेही माहीत नव्हतं, झालं. टेप उतरायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी आणि मॅडम नुसते हिरव्या दिव्याकडं बघत होतो. मला आशा एवढीच होती की आठ महिन्यांपूर्वीचा का होईना, जुना एखादा दाता मिळेल. टेप पुरी झाली. गट टाकून शोध दिला. चार नावं आली. तीन जुनी. एक पुण्याला गेलेला, एकाचा फोन बंद, एक वारलेला. चौथं नाव पाटील, मुक्काम मुरगूड, फोन शेजारच्या किराणा दुकानाचा.

"ह्योच की!" मॅडम ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "अवो... ही एंट्री मी काल दुपारी टाकलीया."

त्यावर विचार करायला वेळ नव्हता. त्या खाली पळाल्या आणि डायरेक्ट लाईनवरून दुकानात फोन लावला. पाटील शेतावर होता, दुकानदार स्वतः मोटारसायकलवर जाऊन त्याला घेऊन निघाला. दोनच्या आत दोघं दारात हजर, पाटलाच्या पायाला चिखल तसाच. संध्याकाळी बाईला रक्त चढलं. बाई वाचली. मुलगी झाली होती, तीही ठीक.

लाईट आल्यावर मी एकट्यानं टेप पुन्हा लावली. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला बॅकअपची नोंद असते, कधी घेतला, कुणी घेतला. तारीख रविवारची, म्हणजे आदल्याच दिवसाची. वेळ संध्याकाळी सात. 'कुणी घेतला' या रकान्यात लॉगिन – मगदूम. ते लॉगिन अण्णा रिटायर झाले त्याच महिन्यात मी स्वतः काढून टाकलं होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीतरी सापडलं असतं, पण लॉगही त्याच मेलेल्या डिस्कवर. रविवारी सातला ऑफिसला कुलूप होतं, वॉचमनला चारदा विचारलं. मॅडमना टेप कुठल्या बाजूनं घालायची तेही माहीत नाही. आणि घेतला असता कुणी बॅकअप, तरी ती टेप आठ महिने कुलूपबंद खोलीतल्या डब्यात कशी गेली?

आठवड्याभरानं आजऱ्याचा तो नवरा आला. काजूची पिशवी घेऊन वर चढला आणि ऑफिसात विचारत सुटला, "सिस्टीम कोन? सिस्टीम कुठं बसत्यात?" इतक्या वर्षांत काही बंद पडलेलं नसताना मला शोधत आलेला तो पहिला माणूस. माझ्या दारात येऊन म्हणाला, "तुमीच व्हय?" मी म्हटलं, मी नाही, एक मगदूम अण्णा होते. "मग त्यास्नी द्या की ह्ये." मी पिशवी घेतली.

त्याच संध्याकाळी ती पिशवी आणि रिकामा डबा घेऊन पार्वतीअक्कांकडं गेलो. दुसरं कुणाला देणार? अक्कांनी चहा केला. मी विचारलं, अण्णांच्या खोलीत फोन तर नाही, मला रोज फोन करायचे ते कुठून?

"त्यो काय कोपऱ्यावर पीसीओ. रोज सकाळी अंगूळ, पूजा, इस्त्रीचा शर्ट, आनि साडेदहालाच जाऊन बसायचं तिथं. मी म्हनायची, अवो घरातच हाय न्हवं, शर्ट कशाला? तर म्हनायचं, आपिसात बोलायचं हाय, तम्मा वाट बघत असंल." अक्कांनी कप माझ्याकडं सरकवला. "मागनं मागनं लगीच परत यायचं. मी इचारलं की म्हनायचं, सायेब कामात हायत. आनि दिसभर शर्ट तसाच अंगात."

मला तो चहा संपवता आला नाही. इतके दिवस मी समजत होतो की ते टेपची चौकशी करतात. त्यांना माणसाशी बोलायचं होतं हो. बोलायला दुसरा विषय त्यांना माहीत नव्हता, आणि मलाही नव्हता.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. ईपीएबीएक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला शक्य नाही. टेप ड्राइव्हच्या इंजिनिअरला तारखेबद्दल विचारलं, तो म्हणाला घड्याळ चुकलं असेल. घड्याळ चुकेल, पण मुरगूडचा पाटील कसा चुकून येईल? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, खवचटपणे लिहिलंत तरी चालेल.

ती टेप माझ्याकडं आहे, त्याच रुमालात. तिथं मी पुढं बरीच वर्षं होतो. रोज अकराला टेप उतरवून बघायचो, वहीत लिहायचो, आणि खोलीत कुणी नाहीसं बघून रिसीव्हर उचलून सांगायचो, "आली, अण्णा." पलीकडं नुसता टोन असायचा. तो फोन पुन्हा तसा कधी वाजला नाही. वाजला असता तर पहिल्याच रिंगला उचलला असता... आणि आधी टेपचं नसतं सांगितलं, जेवलात का ते विचारलं असतं.